काल काय खाल्लं? आमच्या वाडीतल्या चिठ्ठ्यांच्या पेटीच्या नोंदी

मालवण तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी आहे. जिल्हा परिषदेची एक शाळा आणि तिच्याच आवारात अंगणवाडी. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. या पावसाळ्यात आम्ही एक काम हातात घेतलं, की आपली मुलं दिवसभरात खरोखर काय खातात ते पालकांनी न लपवता सांगायचं, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवता येईल. ऐकायला सोपं आहे पण चालेल अशी पद्धत सापडेपर्यंत निम्मा पावसाळा गेला. दुसऱ्या वाडीत कोणाला करायचं असेल तर तेवढा वेळ तरी वाचावा म्हणून लिहून ठेवतेय.

२० जून २०२५, शुक्रवार

शाळा सोमवारी सुरू झाली आणि आज आरोग्य तपासणीचं पथक आलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. डॉक्टरांनी एकेकाची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, जीभ बघितली आणि बरीच मुलं फिकट दिसतायत म्हणाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी निघालं होतं, म्हणजे तीनात दोन, तेव्हा फक्त तुमच्याच वाडीचं असं समजू नका असंही त्यांनी सांगितलं.

मग रांगेतल्या प्रत्येक आईला विचारलं, मूल काय खातं? पहिलीने सांगितलं, "माझो झील (मुलगा) सगळा खाता." दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. भाजी खातो, डाळ खातो, मासे खातो, दूध पितो. डॉक्टरांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. पथक गेलं आणि पाच मिनिटांत त्याच बायका शाळेच्या पडवीत एकमेकींना सांगत होत्या की पालेभाजी बघितली की पळतो, रात्री मोबाईल समोर धरल्याशिवाय घास जात नाही, चाय दिल्याबगर उठणा नाय.

डॉक्टरांना कोणी घाबरत नव्हतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या बायका ऐकतायत, हे खरं कारण. सगळं काम इथून सुरू झालं.

२२ जून, रविवार

अंगणवाडीची ताई, शाळेतल्या बाई आणि आम्ही काही पालक बसलो. ठरलं असं की व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा आणि रोज डब्याचा फोटो टाकायचा. खर्च काहीच नाही त्यामुळे सगळे लगेच हो म्हणाले.

२९ जून, रविवार

फोटो बंद केले.

पहिल्या दोन दिवसांत साधे डबे आले, भात-वरण, आंबोळी, चपाती-बटाटा. मग कोणीतरी गाजराची फुलं कापून लावली, त्याला खूप हार्ट आले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्पर्धाच लागली. बीटाची चपाती, चांदणीच्या आकाराचं घावन. इकडे भातलावणीचे दिवस. ज्या बायका पहाटे उठून चूल पेटवून सहाला शेतात चिखलात उतरतात त्यांच्याकडे गाजराची फुलं करायला वेळ कुठून येणार? त्या गप्प झाल्या. काही घरांत फोनच एक आणि तो नवऱ्याकडे, ती घरं तर आलीच नव्हती. म्हणजे ज्यांच्याशी बोलायची सर्वात जास्त गरज होती ती माणसं सगळ्यात आधी बाहेर पडली.

दुसरी गोष्ट एका वडिलांनी सांगितली, आणि ती माझ्या डोक्यात नव्हती. त्यांची बायको फोटोसाठी पाचला उठून डबा करते आणि तो डबा जसाच्या तसा परत येतो, मुलगा शाळेशेजारच्या दुकानातलं पाकीट खातो. फोटोत दिसतं ते आपण दिलेलं, पोटात काय गेलं ते दिसत नाही. कोणाला फोटोवर काम करायचं असेल तर निदान परत आलेल्या डब्याचा फोटो काढा. पण माझं मत विचाराल तर काढूच नका.

५ जुलै, शनिवार

जाड पुठ्ठ्याची वही आणली, ६० रुपये. आडव्या ओळीत मुलाचं नाव आणि पुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. अंगणवाडीत ठेवली, मुलाला न्यायला येणाऱ्याने भरायची.

सगळं पान वरण, भात, भाजी. मग परत वरण, भात, भाजी. वरच्याचं बघून खालच्याने लिहावं असं. आज्या न्यायला येतात त्यांना लिहिता येत नाही, त्या शेजारणीकडून लिहून घेतात, आणि शेजारणीला कोण खरं सांगणार? एकजण लिहिता लिहिता थांबली आणि मला म्हणाली, "आता ह्या लिवलंय तर माझी सासू काय म्हणतली?" सासू रोज संध्याकाळी त्याच अंगणवाडीत नातीला न्यायला येते आणि वही उघडून वाचते. लिहिणारीचं चुकीचं नव्हतं. नाव घालून लिहायला लावणं म्हणजे घरातलं भांडण वहीत आणणं.

शिवाय प्रश्नच कच्चा होता. 'मूल काय खातं' विचारलं की माणूस मुलाने जे खायला हवं ते सांगतो, आणि तसं सांगताना तो खोटं बोलतोय असं त्यालाही वाटत नाही. ताईला सर्वेक्षणाची माहिती आहे, ती म्हणाली तिथे 'काल दिवसा आणि रात्री काय काय दिलं' असं एकेक पदार्थ घेऊन विचारतात. कालचा दिवस आठवायला सोपा, आणि काल एक दिवस बिस्कीट खाल्लं म्हणून कोणी वाईट आई ठरत नाही. आम्ही प्रश्न बदलला. हा बदल सर्वात स्वस्त होता आणि सर्वात कामाचा निघाला.

९ जुलै, बुधवार

मध्ये एक सूचना आली की पालक सांगत नाहीत तर मुलांनाच वर्गात विचारूया. बाईंनी विचारलं. एक मुलगी उठून म्हणाली की रात्री नूडल्स खाल्ल्या, आई झोपली होती. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाडीभर, आणि 'आई झोपली होती' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. ती आई दिवसभर लावणीला होती, तापाने पडली होती.

त्याच दिवशी बंद केलं आणि परत करायचं नाही असं समितीच्या वहीत लिहून घेतलं. मुलांना त्यांच्या घराविरुद्ध साक्षीला उभं करायचं नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा प्रयोग करूनही बघू नये.

१२ जुलै, शनिवार

पेटी केली. खारी-टोस्टचा जुना पत्र्याचा डबा घासून, वर चिरा पाडून, कडांना सेलोटेप लावून (पत्रा कापतो, बोटं सांभाळा), छोटं कुलूप ७० रुपये. कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं पेन बाजूला. नाव लिहायचं नाही, फक्त काल काय पोटात गेलं ते.

चिठ्ठ्या आल्या आणि पहिल्यांदाच त्यात चहा दिसला. पण थोड्याच. पेटीजवळ उभ्या असलेल्या एकीने आत पडणारी चिठ्ठी बघून सरळ सांगितलं, "ह्या अक्षर कोणाचा ता माका म्हायत आसा." छोट्या वाडीत अक्षर म्हणजे नावच.

१९ जुलै, शनिवार

अक्षर नको म्हणून छापील कागद केला. पदार्थांची चित्रं, चित्राखाली सकाळ, डबा, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चौकोन, खाल्लं असेल तर खूण. चित्रं बाईंच्या भाचीने काढली, झेरॉक्स दोन रुपयाला एक. चित्रं असल्यामुळे आज्यांनाही भरता यायला लागलं.

पहिल्या कागदात घोळ झाला. वर 'घरचं' आणि खाली 'बाहेरचं' अशी दोन शीर्षकं होती. 'बाहेरचं' खालचे चौकोन जवळजवळ कोरे आले. शीर्षक वाचलं की माणसाला कळतं की इथे खूण केली तर नावं ठेवणार आहेत. मग शीर्षकं काढली आणि सगळं मिसळून टाकलं: पेज, वेफर, कुळथाची पिठी, चहा, केळं, बटर (बेकरीतला, चहात बुडवून खायचा), अंडं, नूडल्स, नाचणीची भाकरी, मासे, सुका जवळा, क्रीमचं बिस्कीट, भेंडी, दूध. चहापुढे 'किती वेळा' ठेवलं. 'चहा देता का' विचारलं की उत्तर नाही येतं, 'किती वेळा' विचारलं की माणूस मोजायला लागतो. शेवटी एक ओळ, जेवताना मोबाईल होता का, आणि डबा किती परत आला: सगळा, अर्धा, काहीच नाही.

पेटीची जागाही बदलली. अंगणवाडीत मुलांना न्यायला आज्या आणि मोठी भावंडं येतात, आया शेतात. शनिवारी मात्र घरातलं कोणीतरी पीठ दळायला गिरणीत जातंच, तिथे आपला नंबर येईपर्यंत बसायला लागतं आणि गिरण सुरू असली की कोणाचं काही ऐकू येत नाही. गिरणवाल्यांनी आनंदाने कोपरा दिला. कागद पिठाने पांढरे होऊन येतात तेवढंच.

२७ जुलै, रविवार

पेटी उघडली, सगळ्यांसमोर. वाईट झालं.

एक काका कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागले. सकाळी चहा-बटर, दुपारी काही नाही, संध्याकाळी वेफर, रात्री चहा-चपाती. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या कोणाच्या घरातला ता सांगाक नको." काही माना एका बाजूला वळल्या. तिकडे बसलेली एक बाई उठली, चपला घातल्या आणि भर पावसात छत्री न उघडता निघून गेली. कागद तिचा होता की नाही मला माहीत नाही, आणि कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ती घर एकटीने चालवते आणि दुसऱ्यांच्या लावणीला मजुरीने जाते, म्हणून.

मला त्या दिवशी खूप त्रास झाला. ज्या बाईला सकाळी सहाला चिखलात उतरायचंय तिच्या मुलाने चहा-बटर खाल्लं तर तो तिचा गुन्हा, आणि ज्यांच्या घरी सासू आहे, गॅस आहे, वेळ आहे, त्यांच्या मुलाने क्रीमचं बिस्कीट खाल्लं तर तो लाड. हा हिशोब कुठला?

२ ऑगस्ट, शनिवार

गिरणीतली पेटी जवळजवळ रिकामी. अपेक्षित होतं.

३ ऑगस्ट, रविवार

ताईने बैठक बोलावली आणि नियम सांगायच्या आधी स्वतःच्या नातवाचा कागद वाचला. सगळ्यांसमोर, नाव घेऊन. तो तीन वर्षांचा आहे. दोन वेळा चहा, सकाळी चहात बुडवलेली खारी, दुपारी मोबाईल लावून वरण-भात, संध्याकाळी परत चहा-बटर. ताई वाडीतल्या प्रत्येक आईला वर्षानुवर्षं आहार सांगत आलीय, तिच्याच भिंतीवर पोषणाचे तक्ते आहेत. ती म्हणाली, मला सगळं माहितेय तरी माझ्या घरात असं आहे, कारण सून नोकरीला जाते आणि मी अंगणवाडीत, आणि आजोबांना नातू रडलेला बघवत नाही. आता तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू.

बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एका आजीने विचारलं चाय कोरी की दुधाची, आणि बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी ठरलेले नियम:
एकटा कागद कधीच वाचायचा नाही, फक्त बेरीज सांगायची. बेरीज ताई आणि शेजारच्या वाडीतली एक शिक्षिका करणार, म्हणजे अक्षर-खुणा ओळखणारं कोणी नको. बेरीज झाली की कागद चुलीत. बैठकीत कोणी अंदाज बांधला तर बैठक तिथेच संपवायची.

१० ऑगस्ट, रविवार

शनिवारी पेटी भरून आली. बेरजेत जे दिसलं ते लिहिते.

एक. चहा. निम्म्याहून जास्त कागदांत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत दिवसातून दोनदा. मुलं जेवत नाहीत म्हणून चहा देतात आणि चहा-बटरने पोट भरलं की परत जेवत नाहीत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नव्हती, की चहातली टॅनिन नावाची द्रव्यं डाळ-भाजी-नाचणीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा नको असं लिहिलंय, आणि ते मोठ्यांना धरून. शाळेत आठवड्याला गुलाबी लोहगोळी मिळते, वर घरी आल्या आल्या चहा.

दोन. लावणी. ताईने तारखा लावून बघितलं तर चहा-बटर आणि पाकिटं लावणीच्या आठवड्यांत जास्त आणि लावणी संपल्यावर कमी. म्हणजे आई बदलली नाही, पहाट बदलली.

तीन. शाळेतली खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा पंतप्रधान पोषण योजनेचा हिशोब आहे. पण छोट्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट पोटात गेलं की ताटली अर्धी परत.

चार. याची कोणीच कल्पना केली नव्हती. सुका जवळा आणि पेज. रात्रीच्या रकान्यात भरपूर खुणा आणि डब्याच्या रकान्यात जवळजवळ शून्य. म्हणजे घरी मुलं गोलम्याची, म्हणजे सुक्या जवळ्याची, चटणी आणि भात आवडीने खातात, सकाळी पेज पितात, पण डब्यात मात्र क्रीमचं बिस्कीट किंवा जॅम-ब्रेड. विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. "झिलाक वास येता म्हणान हसतत." आणि पेजेबद्दल एकजण म्हणाली, "पेज काय डब्यात देवची वस्तू आसा? लोक म्हणतले घरात काय नाय."

आम्ही धरून चाललो होतो की लोक वाईट खाणं लपवतात. इथे तर चांगलं खाणंही लपवत होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी नाही, त्या दिवसांत सुका जवळाच आमच्या मुलांचं प्रथिन आणि कॅल्शियम, आणि मासळीतलं लोह तर भाज्यांतल्यापेक्षा सहज अंगी लागतं, शिवाय सोबतच्या भाकरीतलं लोहसुद्धा ओढून घेतं. पेजेच्या उकड्या तांदळात साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा ब जीवनसत्त्व जास्त टिकतं. हे सगळं घरात आहे, स्वस्त आहे, मुलांना आवडतं. आणि नावं ठेवतील म्हणून डब्यात येत नाही, त्याच्या जागी साखर येते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला सगळे येतात म्हणून त्यानंतर बसलो. श्रावणाचा विषय निघाला आणि तापला. काही घरांत महिनाभर मासळी बंद, काहींत फक्त सोमवारी-शनिवारी. कागदांवर मात्र मासे आणि अंडं दोन्हीवर खुणा होत्या. एका आजोबांना राग आला, श्रावणात कोणाच्या घरी शिजतंय म्हणून. ताईने बैठक संपवायला हात वर केला तेव्हा दुसऱ्या एक आजी बोलल्या की त्यांच्या आईच्या वेळेपासून पोरांना श्रावण नसायचा, लहान मूल आणि बाळंतीण यांना धरलेलं नाही. आजोबा काही बोलले नाहीत पण उठूनही गेले नाहीत. ठरलं एवढंच की ज्यांना पाळायचंय त्यांनी पाळावं, कुळीथ, चवळी, नाचणी, शेंगदाणे वाढवावेत, आणि जे मुलांना मासळी देतात त्यांना कोणी विचारू नये.

'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकतात ती पावडर घातलेल्या दुधाचंही बोलणं झालं. ज्यांच्या घरी ती घेतात त्यांना वाटत होतं आपण जास्त चांगलं देतोय. एकीने स्वतःहून पावडरचा डबा आणला आणि मागचं बारीक अक्षर आम्ही मिळून वाचलं, शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं होतं, ते बाईंनी सांगितलं. कोणी कोणाला बोललं नाही. डबा आणणारीच म्हणाली की एवढ्या पैशात महिन्याची नाचणी येते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०.

२४ ऑगस्ट, रविवार

काय काय करून बघितलं आणि काय टिकलं.

दुकान. काही पालक दुकानदाराशी भांडायला निघाले होते, त्यांना थांबवलं. तो म्हणाला पाकिटांवरच माझं घर चालतं, आणि ते खरंय. त्याला भाजलेले चणे आणि शेंगदाणे पाच रुपयांच्या पुड्या करून ठेवायला सांगितलं, पहिला माल समितीने वर्गणीतून दिला, ३०० रुपये. कागदी पुड्या दोन दिवसांत सादळल्या, चणे मऊ, मुलांनी परत आणून दिले, सगळा माल वाया. आता घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो आणि मागेल तेव्हा पुडी बांधतो. चालतंय. शेंगदाणे एकदम लहान मुलांना देत नाही, घशात अडकतात.

जवळा. बाईंनी स्वतःच्या डब्यात जवळ्याची चटणी आणायला सुरुवात केली आणि मुलांच्यात बसून खाल्ली. बाकी कोणी काही समजावलं नाही. वर्गात एकच नियम, दुसऱ्याच्या डब्याला शी म्हणायचं नाही. एक शाकाहारी घरातली आई काळजीत होती की तिच्या मुलीला वास सहन होत नाही. ती खरोखरची अडचण आहे, तिला दूर बसायला जागा दिली, आणि त्या आईनेच सुचवलं की जवळा कोरडा भाजून, खोबरं आणि सोलं (कोकम) घालून, क्लिपच्या स्टीलच्या डब्यात दिला तर वास दप्तराला लागत नाही. तिचं माहेर मासे खाणारं.

पेज. डब्यात नेणं जमलं नाही, सांडते. सकाळी घरून पिऊन यायचं आणि डब्यात आंबोळी असं काहींनी सुरू केलं. लावणीच्या बायकांसाठी हेच सोयीचं, पेज रात्रीच शिजवून ठेवता येते.

चहा. एकदम बंद केलेल्या घरांत दोन दिवस रडारड आणि तिसऱ्या दिवशी परत चहा. ज्यांनी वेळ बदलली, म्हणजे जेवणापासून लांब नेला आणि कप छोटा केला, त्यांचं टिकलं. ताईच्या नातवाचा एक चहा गेलाय, एक आहे.

नाचणीची आंबोळी मुलं पहिल्यांदा ढकलून देतात आणि आया म्हणतात आवडत नाही. नवीन चव आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर आली की मूल घ्यायला लागतं, पण जबरदस्ती केली की उलटं होतं. पीठ वाया जाऊ नये म्हणून अर्धी नाचणी, अर्धा तांदूळ आणि आंबोळी तळहाताएवढी.

मोबाईल. काहीही हललेलं नाही. सर्वात जास्त खुणा इथेच आहेत आणि कोणाकडे उपाय नाही. जिथे घरातली मोठी माणसं स्वतः ताटावर फोन घेऊन बसतात तिथे मुलाचा कसा काढणार?

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती गेले. चाकरमानी आले, चॉकलेटं आणि पाकिटांच्या पिशव्या आल्या, ते होणारच आणि सणाला मोडता घालायचा नाही असं आधीच ठरलं होतं. पण एका घरात मुंबईहून आलेल्या नणंदेने विचारलं की अजून मुलाला पेज देतेस, जरा चांगलं काहीतरी दे. एरवी ती वहिनी गप्प बसली असती. या वेळी तिने सांगितलं की हो देते, आणि नणंदेलाही एक वाटी दिली. हे तिने मला गिरणीत स्वतः येऊन सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला फार बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोब: वही ६०, कुलूप ७०, झेरॉक्स ३८०, वाया गेलेले चणे-शेंगदाणे ३००, बरण्या १८०. एकूण ९९० रुपये, सगळी वर्गणी.

जी बाई त्या रविवारी उठून गेली ती अजून बैठकीला येत नाही. ताई तिच्या घरी जाऊन आली, मीही गेले. तिने चहा दिला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, तो विषय आम्ही काढला नाही आणि तिनेही नाही. गिरणीत ती कागद टाकते की नाही ते कळायला मार्ग नाही, कळायला नकोच म्हणून तर पेटी केली.

कोणाला कागद करायचा असेल तर आमचा आत्ताचा क्रम असा: वर फक्त 'काल' आणि वार. मग सगळी चित्रं मिसळून, शीर्षक नाही. चहा किती वेळा. डबा किती परत आला. जेवताना मोबाईल. खाली नवीन एक ओळ टाकलीय, 'काल घरी तुमच्याबरोबर कोण होतं मुलांना बघायला', कारण त्याशिवाय बाकीच्या खुणांचा अर्थ लागत नाही. नाव, इयत्ता, मुलगा की मुलगी, काहीही नाही. महिन्यातून दोनच शनिवार भरायचा, दर शनिवारी केलं की लोक कंटाळून परत वरण-भात-भाजीवर येतात.

पुढचा कागद भातकापणीत भरायचा आहे. तेव्हा पहाट परत बदलेल, म्हणून या वेळी कापणीच्या आधीच ज्या घरांत आजी आहे त्यांनी शेजारच्या दोन-तीन मुलांना सकाळी पेज द्यायची असं बोलणं चाललंय. तांदूळ ज्याचा त्याने द्यायचा. चार घरं तयार आहेत. वेळेवरून अजून जमलेलं नाही, कारण शेतावर जाणारे सहाला निघतात आणि आज्यांच्या चुली सातला पेटतात.